जवारीतली गप्प दुपार

रेडिओवरचा माणूस म्हणाला, रणगाडे शहरात शिरले आहेत, आणि कस्तुराचा तळहात बाळाच्या तोंडावर गेला.

कसा गेला, ते तिला कळलं नाही. उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून ती बन्सीला पाजत बसली होती. एक बाजू झाली होती, दुसरीकडं घेईपर्यंत त्यानं नेहमीसारखी थोडी कुरकूर काढली, एवढंच. बाहेर ओसरीवर आबासाहेब वकिलांचा बॅटरीवरचा रेडिओ खरखरत होता, आणि मध्येच हा हात. तळहाताखाली एवढंसं नाक, ओले ओठ आणि बाहेर पडायला वाट शोधणारी उबदार वाफ. तव्याचा चटका बसावा तसा तिनं हात ओढून घेतला. बन्सीनं तिच्याकडं टक लावून पाहिलं आणि मग तो हसला. त्याला वाटलं, माय खेळायलीय. ती मात्र हाताकडं पाहत राहिली. अनारशाच्या पिठानं पांढरी झालेली बोटं तिचीच होती. पण मघाचा तो हात तिचा नव्हता. तो ओळखीचा होता. काळ्या मातीनं भरलेला होता, आणि त्याच्यावरच्या बांगड्या वर सारून चिंधीनं बांधलेल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

परभणीत येऊन तिला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. वकिलांच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती, तिचा नवरा दत्तराव आणि सासू केवळाबाई राहत. दत्तराव मोंढ्यात अडतीवर लिहिण्याचं काम करायचा. रविवार आला की आबासाहेब रेडिओ ओसरीवर आणून ठेवत आणि आळीतले चार लोक जमत. आज रविवार होता आणि भाऊबीजही. त्यामुळे रेडिओच्या शेजारी फराळाचं ताट होतं, आणि आबासाहेब त्या ताटावर जग मांडून बसले होते.

"हे बघा दत्तराव, ही चकली म्हणजे रशिया. आन हा बारका शंकरपाळा, हा हंगेरी. पोरं रस्त्यावर आली, म्हणाली आमचं आमी बघतो. की निघाले रणगाडे."

"आबासाहेब, रशिया खाऊन टाकू का?"

"खा, तुमच्यानं पचत असला तर!"

हशा झाला. आत कस्तुराही जरा हसली. तिला आबासाहेबांचा आवाज आवडायचा. जुन्या सतरंजीसारखा जाड आणि उबदार होता तो. त्यातून येणारी गावं तिनं कधी पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हती, तरी ती तिच्या डोळ्यांपुढं उभी राहत. तिच्या मनातल्या त्या सगळ्या गावांना तिच्या माहेरच्या बोरीसारखीच वेस होती, आणि वेशीबाहेर बायका आडावर उभ्या असत.

"जर्मनीच्या त्या मिशीवाल्याचं काय झालं?" आबासाहेब सांगत होते. "आधी त्यानं आस्ट्रिया घेतला. सगळे म्हणाले, जाऊ द्या, त्याचीच माणसं हायत. मग झेकांचा डोंगराकडचा भाग मागितला. देऊन टाकला! मोठमोठे लोक इमानात बसून गेले आन देऊन आले. एवढ्यानं पोट भरंल म्हणाले. भरलं? वर्ष उलटायच्या आत राहिलेला मुलूख गिळला, मग पोलंडवर गेला, आन मग सगळ्या जगाला आग. आज बी तेच. तिकडं मिसरवर विलायतेचे बाँब, इकडं ह्यांचे रणगाडे. ज्याच्या एकट्याच्या हातात हुकूमत येती ना, त्याला घर लहान पडाया लागतं."

"आपल्याकडं रझाकारांचं काय येगळं होतं?" दत्तराव म्हणाला. "चार मोटारी, शे-दोनशे बंदुका, आन म्हणे लाल किल्ल्यावर झेंडा लावतो! समुद्रापर्यंत मुल्क नेतो!"

"आन आता बघा. परवापर्यंत आपण हैदराबाद राज्याचे, आज मुंबई राज्याचे. बसल्या जागी, बुडाची माती न झटकता."

पुन्हा हशा. बन्सी प्यायचा थांबला होता. त्यानं तोंड सोडलं, एक सुस्कारा टाकला आणि मान पलीकडं फिरवली. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा एक थेंब हनुवटीवर उतरला. कस्तुरानं तो पदरानं टिपला, आणि टिपता टिपता तिला वाटलं, किती सोपं आहे हे. पोट भरलं की तोंड फिरवायचं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. आईच्या पोटातून येतानाच घेऊन आला तो. मग ज्यांना मुलखामागून मुलूख लागतो, त्यांचं काय झालं असेल? तेही कुणाच्या तरी मांडीवर असेच पडले असतील. त्यांनीही कधीतरी अशीच मान फिरवली असेल, आणि त्यांच्या आईनं पदरानं हनुवटी टिपली असेल. मग कुठल्या दिवशी ते विसरले? तिला एक भलंमोठं बाळ दिसू लागलं, आभाळाएवढं, डोळे मिटलेलं. त्याच्या तोंडात नद्या चालल्या होत्या, रानं चालली होती, बैलगाड्या माणसांसकट चालल्या होत्या, आणि त्याची मान काही केल्या फिरत नव्हती. ज्याची मान फिरत नाही, त्याच्यापायी बाकीच्यांच्या लेकरांनी गप्प राहायचं. तिचा तळहात पुन्हा ओला झाल्यासारखा वाटला. तो तिनं लुगड्याला पुसला.

"झोपला का गं?" केवळाबाई आतून आल्या. "न्हाई? डोळे बघ कसे टकाटका. चिमूटभर अफू दे की दुधातून. कमल आलीया, ओवाळायचंय, सैपाक पडलाय. हे असं कडंवर घेऊन का पुरणं वाटणार हायस?"

"झोपंल आत्याबाई. आता पोट भरलंय."

"तुझं आपलं नवीनच. अगं, माझी सगळी लेकरं अफूवर वाढली. दत्ताला इचार. सकाळी चाटवायची आन रानात जायचं, दिवस मावळता परत यायचं. पाळण्यात जसाच्या तसा. इचार, मेला का तो?"

"मेलो न्हाई, पण अजून जाग बी आली न्हाई," दत्तराव ओसरीवरून ओरडला. त्याची बहीण कमल, जी सकाळीच पेडगावाहून आली होती, चुलीपाशी खळखळून हसली. "खरंच माय, म्हणून तर ह्याला कुणी हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ देतो!"

कस्तुरानं बन्सीला पाळण्यात टाकलं, दोन झोके दिले आणि कळशी घेऊन ती परसातल्या आडावर गेली. आडाच्या कठड्यावर ऊन पडलं होतं. दिवाळीनंतरचं ते मऊ, पिकल्या केळीच्या रंगाचं ऊन. पोहरा खाली सोडताना रहाट कुरकुरला, आणि खालून गारवा वर आला, ओल्या मातीचा, शेवाळाचा, आणि त्या वासाबरोबर ती सरळ जवारीत जाऊन पडली. पडली म्हणजे खरोखरच पालथी. छातीखाली ढेकळं, डोळ्यांपुढं जवारीच्या धाटांची मुळं, जमिनीवर बोटं रोवून उभी राहिलेली. आठ वर्षांमागची दुपार होती ती, पोळा होऊन गेला होता. जवारी पुरुषभर उंच, नुकती निसवू लागलेली. वर सगळा हिरवा उजेड होता, आणि तो उजेड वारा आला की हलायचा, पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. ती त्या वेळी परकर नेसायची. बोरीतल्या कितीतरी बायका त्या रानात विखरून पडल्या होत्या, कारण कुणीतरी ओरडत आलं होतं, जिंतूरच्या वाटेवर मोटार दिसली, रझाकार आले. पुरुष नाल्याकडं गेले, बायका जवारीत. तिच्या शेजारी तिची माय तानुबाई, पलीकडं चुलती कोंडाबाई, आणि दोघींच्या मध्ये सटवाजी, पाच महिन्यांचा. कस्तुराच्या आधीची आणि नंतरची लेकरं मायला लाभली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा सटवाईच्या नावानंच त्याला हाक मारायचं ठरलं, म्हणजे ती त्याला सांभाळील. त्याच्या टाळूला एरंडेलाचा वास यायचा. तिला अजून येतो.

सटवाजी रडू लागला. उपाशी नव्हता, त्याला डास चावत होते. मायनं तोंडावर हात ठेवला. चिंधीनं बांधलेल्या बांगड्या, काळा हात. तो हाताखालून रडत राहिला. आजूबाजूच्या धाटांतून कुजबुज आली, "गप करा गं त्याला, सगळ्यांना मारता का?" मग कोंडाबाई म्हणाली, "द्या इकडं, जरा मी घेते," आणि सरपटत त्याला घेऊन जवारीच्या दोन ओळी पलीकडं गेली. थोड्या वेळानं तो परत आला तेव्हा हुंदके देत होता, पण दमला होता. मायनं त्याला पदराखाली घेतलं. मोटारीचा आवाज जवळ आला. जमिनीतून येत होता तो, पोटाला लागत होता. कस्तुरानं तोंडात माती घेतली होती, आपल्याला खोकला येऊ नये म्हणून. आवाज रस्त्यावरून गेला. लांब गेला. मग रान इतकं गप्प झालं की एक टोळ उडाला तर त्याच्या पंखांचा आवाज झाला.

त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं. रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन थांबलेल्या मकाजीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मोटारीत मुसलमानांची दोन-तीन घरं होती, गाठोडी, कोंबड्या, बायका, तान्ही लेकरं. हिंदुस्थानची फौज येतेय, आता आपल्याला कापतील, असं कुणी त्यांना सांगितलं होतं, आणि ते बिचारे परभणीकडं पळत होते. "त्यांची बी लेकरं लय गप व्हती," मकाजी म्हणाला होता. "येवढी मोटर गेली, पण एक लेकरू रडलं न्हाई बघा." भिणारे भिणाऱ्यांच्या शेजारून गेले. ज्यांना समुद्रापर्यंत मुल्क हवा होता ते कुठं हैदराबादेत गाद्यांवर बसलेले असतील. त्यांना बोरीची जवारी ठाऊकही नसेल.

सटवाजी मात्र उठला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मायनं त्याला हलवलं, पाणी शिंपडलं, कांदा फोडून नाकाला लावला. मग ती दाराकडं बघून म्हणाली, "म्या एकच दिली व्हती." आणि दारात उभी असलेली कोंडाबाई म्हणाली, "म्या बी एकच दिली." जवारीत दोघींच्याही कनवटीला अफूच्या गोळ्या होत्या, तशा त्या दिवसांत प्रत्येक लेकुरवाळीच्या कनवटीला असायच्या. दोघींनी आपापल्या परीनं त्याला वाचवलं होतं. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकाच घरात, एकाच चुलीवर. "कस्तुरे, काकीला सांग, भाकरी झाल्या." "कस्तुरे, तुझ्या मायला म्हणावं, म्हैस पान्हवंना." चुलीच्या ह्या बाजूनं त्या बाजूला निरोप नेता नेताच ती मोठी झाली. भांडण नव्हतं त्यांच्यात. एकमेकींच्या ताटात तूप वाढायच्या. आजारपणात पाय चेपायच्या. फक्त शब्द त्या दुपारी रानात राहून गेले होते. लग्न जमवताना वडिलांनी सांगितलं, एकुलती एक पोर आहे, आणि कुणी खोदून विचारलं नाही. गेलेल्या तान्ह्यांची मोजदाद कोण ठेवतो? सासरी सगळे समजत होते, हिला भाऊ नाही. पहिल्या दिवाळीत केवळाबाईंनी मायेनं सांगितलं होतं, "भाऊ नसला तर चांदोबाला ओवाळावं पोरी." तिनं चंद्राला ओवाळलं होतं. नखाएवढा होता तो. मान फिरवून झोपल्यासारखा.

पोहरा भरून जड झाला होता. दोर तिच्या तळहाताला कापत होता, तेव्हा तिला कळलं, आपण किती वेळ नुसत्याच उभ्या आहोत. ऊन कठड्यावरून उतरून गेलं होतं. आणि घरातून बन्सीचा आवाज येत नव्हता.

येत नाही म्हणजे झोपला असेल. ती स्वतःला म्हणाली. झोपणारच, पोट भरलं होतं. तिनं कळशी कमरेवर घेतली. चालताना पाणी हिंदकळून लुगडं भिजत गेलं, तरी तिची पावलं भरभर पडत होती. खोलीत अंधारून आलं होतं. चुलीजवळ केवळाबाई पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर बन्सी, आणि त्यांच्या हातात बोंडलं. पितळेचं, लांब चोचीचं. ती चोच बन्सीच्या ओठांत होती.

"काय पाजायलात?"

"अगं, अर्धवट झोपंत व्हता, सारखा दचकायला लागला. म्हणलं, पुरता झोपू दे. दूधच हाय, जरा अफू उगाळली."

बन्सीचे डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसत होतं. दचकणारं लेकरू असं दिसत नाही, हे तिला दिसलं. आणि पुढचा प्रश्न तिच्या घशात येऊन थांबला. किती साधा प्रश्न. आठ वर्षं दोन बायकांच्या मध्ये पडून राहिलेला. तो उचलायला कुणी वाकलं नव्हतं. तिची जीभ जड झाली, जशी मातीनं भरलेली असावी.

"कमलवन्सं," ती ओरडली. तिला वाटलं आपण हळू बोलतोय, पण ओसरीवरच्या माणसांनीही माना वळवल्या. "तुमी दिली का ह्याला अफू? तुमी?"

कमल देवापाशी तबक लावत होती. "दिली की, मघाच. तू आडावर गेलीस तवा लय किंचाळला. माझ्याकडची दिली, चांगली असती ती, आमच्या शेजारणीचं लेकरू तर..." मग तिचं लक्ष आईच्या हातातल्या बोंडल्याकडं गेलं. "अगं माय. तू बी?"

केवळाबाईंचा हात तिथंच राहिला. "मला कोण सांगितलं?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

कस्तुरानं बन्सीला उचललं. बोंडलं सांडलं. त्याला पालथा करून तिनं त्याच्या घशात बोट घातलं, दूध आलं, थोडं. जड झाला होता तो, भिजल्या गोधडीसारखा. कळशीतलं पाणी हातात घेऊन तिनं त्याच्या तोंडावर मारलं. त्यानं नाक आक्रसलं आणि पुन्हा सैल पडला. "ऊठ," ती म्हणाली. तिनं त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या. खोलीत हवा पुरत नव्हती. ती त्याला घेऊन बाहेर ओसरीवर आली, माणसांच्या मधून, फराळाच्या ताटाला पाय लागला, जग सांडलं. तिनं पाहिलं नाही. दत्तराव उठून उभा राहिला होता. "काय झालं? अगं, काय झालं?" ती ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती आणि टिचक्या मारत होती. जोरात, आणखी जोरात. रड, ती म्हणत होती. रड की रे. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या आणि त्या बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो माणूस त्याच्या शांत, धुतलेल्या आवाजात सांगत होता, त्या शहरातलं रेडिओ केंद्र शेवटची हाक देऊन बंद पडलं आहे, आता तिथून काही ऐकू येत नाही. कस्तुराला ते शहर दिसलं. बोरीसारखी वेस असलेलं. घराघरांत बायका बसल्या होत्या, आणि सगळ्यांचे हात एकाच जागी गेले होते. "हात काढा गं," ती पुटपुटली. तिनं बन्सीच्या तळव्याला करकचून चिमटा घेतला. रक्त येईल असा.

त्याच्या पोटात काहीतरी हललं. आधी तोंड उघडलं, आवाज नव्हता. चेहरा तांबडा होत गेला, आणि मग तो रडला. असा रडला की सगळी आळी ऐकत राहावी. श्वास घेऊन पुन्हा रडला. त्याच्या रागाला पार नव्हता. रेडिओवरचं एक अक्षर ऐकू येईना.

आबासाहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी बटणाशी हात नेला, आवाज वाढवला आणि कानाला हात लावून ते म्हणाले, "बाई, जरा गप करा त्याला. मोठी खबर चालू हाय."

"न्हाई," कस्तुरा म्हणाली.

तिनं ते वकीलसाहेबांकडं बघून म्हटलं, सासरच्या सगळ्या माणसांसमोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला असताना. आबासाहेबांचा हात बटणावरून खाली आला. केवळाबाई दारात आल्या होत्या, चौकटीला धरून. "दवाखान्यात नेऊ," दत्तराव म्हणाला. "मी टांगा आणतो. पण झालं काय? कुणी काही बोलंना का?"

"अफू दोन बारी गेली त्याला. दोघींनी दिली. म्या इचारलं म्हणून कळलं," कस्तुरा म्हणाली. बन्सी तिच्या कानाशी रडत होता, त्यामुळे तिला प्रत्येक शब्द ओरडून सांगावा लागत होता. ओरडता ओरडता तिच्या लक्षात आलं की हे सोपं आहे, घसा दुखतो तेवढंच. "जागा ठेवा त्याला. झोपू द्यायचं न्हाई. आणा टांगा."

दत्तराव पायऱ्या उतरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबून त्यानं मागं पाहिलं. "तुला हे कसं ठावं? दोन बारीचं?"

कमल तबक घेऊन बाहेर आली होती, तशीच उभी होती. कस्तुरानं रडणाऱ्या बन्सीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मला भाऊ व्हता," ती म्हणाली. "सटवाजी."